कानबाईचा रोट आणि तपासणी अधिकारी

रनाळे, तालुका नंदुरबार
ऋषिपंचमीनंतरचा मंगळवार

ती. भाईदासदादांस,

डोक्यावरचा पदर नीट करून, सुरतेकडे तोंड करून केलेला धाकट्या भावजयीचा नमस्कार पोचावा. तुमच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन सुखरूप झालं आणि हल्ली तुम्ही काळा चष्मा लावून गॅलरीत बसता, हे सूनबाईंकडून कळलं. चष्मा तुम्हाला शोभत असणार. (तुमच्या लग्नाच्या फोटोतही तुम्ही एक लावला आहे. कौसाबाई जाऊबाई म्हणायच्या की तो वऱ्हाडातल्या कोणाचा तरी मागून घेतलेला होता आणि परत करायचा राहिला.) गुडघे काय म्हणतात? औषधाचे थेंब वेळेवर घालता ना? तुम्हाला वाचायला सोपं जावं म्हणून अक्षर मुद्दाम मोठं काढते आहे. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि येत असतं तरी मी काय बोलले असते? या घरात आले तेव्हापासून थोरल्या दिरांसमोर पदर पुढे आणि आवाज मागे. आता गावातल्या सुना सासऱ्यांच्या मोटारसायकलवर मागे बसून बाजाराला जातात, पण माझी जीभ जुन्या वळणातच राहिली. पत्रात मात्र मी पहिल्यापासून बोलकी. कॉन्व्हेंटात आमच्या सिस्टर बेनेडिक्टा दर शनिवारी घरी पत्र लिहायला बसवायच्या आणि सांगायच्या, आधी समोरच्याची प्रकृती, मग हवापाणी, आणि काम असलं तर अगदी शेवटी. कामानेच सुरुवात करणं हे तारेचं लक्षण, पत्राचं नव्हे. माझं तर काही कामच नाही, म्हणून मी निवांत लिहिते आहे.

हवापाणी बरं आहे. कापूस कमरेएवढा झाला. बांधावरची चिंच यंदा चांगली धरली आहे. (ती कोणाची हे कोर्ट ठरवील. मी फक्त ती धरली आहे एवढंच लिहिते.) ऑपरेशननंतर तुमचं मन निवळलं आहे आणि तो बांधाचा दावा मागे घ्यावा असं तुम्ही बोलून दाखवलंत, हेही सूनबाईंनी सांगितलं. ऐकून डोळ्यांत पाणी आलं. आमचे हे मात्र उठून गोठ्याकडे गेले आणि बराच वेळ म्हशीशी बोलत बसले. त्या विषयावर पुढे लिहीन.

तुम्हाला आपलं महिला मंडळ आठवत असेल. शिवणवर्गाच्या उद्घाटनाला नारळ तुमच्याच हातचा होता आणि तो काही केल्या फुटेना. पुढे तयार कपडे स्वस्त झाले, शिवण शिकायला कोणी येईना, आणि मशीनवर धूळ बसू लागली. तेव्हा कोणीतरी सांगितलं की तरुण मुलामुलींना संगणक आणि कोडिंग शिकवणाऱ्या संस्थांना सरकार अनुदान देतं. मी अध्यक्ष असल्यामुळे, आणि इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे मला सगळं कळतं असा गावाचा जुना समज असल्यामुळे, अर्ज माझ्याच गळ्यात आला. (मी इंग्रजी शाळेत बायबलमधल्या गोष्टी, क्रोशाकाम आणि काट्याने वाटाणे खायला शिकले. त्यातलं काहीच अर्जात विचारलं नव्हतं.) अर्ज मंजूर झाला, संगणक आले, पण टेबलांसाठी तरतूद नव्हती. मग शिवणमशीनचीच वरची मुंडकी काढून त्या टेबलांवर संगणक बसवले. पायाने हलवायचं खालचं पायटं तसंच राहिलं आहे. मुलं विचारात पडली की त्यांचे पाय आपोआप चालू लागतात, आणि वर्ग रंगात आला की खोलीत सगळीकडून तीच जुनी खटखट ऐकू येते. मी दाराबाहेर खुर्ची टाकून ती ऐकत बसते.

शिकवते अतिका. नंदुरबारचे सलाउद्दीन टेलर आपल्या मशीनना तेल द्यायला यायचे, त्यांच्या बोटाला धरून एक झिपरी मुलगी यायची आणि टेबलाखाली बसून चिंध्यांच्या बाहुल्या करायची, तीच ही. आता संगणकाची पदविका घेतली आहे आणि रोज एसटीने येते. कोडिंग म्हणजे काय हे मी तिला विचारलं, तर म्हणाली, काकी, यंत्राला एकेक सूचना द्यायची, एकही पायरी गाळायची नाही, कारण ते आपणहून काही समजून घेत नाही. मी म्हटलं, अगं मग हे तर मी लग्न झाल्यापासून करते आहे. तिचे वडील भले आहेत, पण त्यांचंही वय झालं. दिवाळीपर्यंत तुझा वर्ग पक्का झाला तर ठीक, नाहीतर सुरतेला मामाच्या साडीच्या दुकानात बिलं करायला जायचं, असं त्यांनी तिला सांगून ठेवलं आहे. वर्ग पक्का होणार दुसऱ्या वर्षाच्या अनुदानावर, आणि ते मिळणार तपासणीवर. तेव्हा तपासणी आमच्यासाठी केवढी मोठी होती हे तुमच्या लक्षात येईल.

तपासणीची तारीख अनुदानाच्या पोर्टलने दिली. पोर्टलला आपली खानदेशची देवी कानबाई माहीत नाही. श्रावणातला नागपंचमीनंतरचा रविवार, म्हणजे नेमका तिच्या रोटाचा दिवस, त्याने बिनदिक्कत लिहून पाठवला, आणि बदलून मागितला तर नंबर थेट पुढच्या वर्षात जातो म्हणे. तुमच्या घरी सुरतेत आता काय पाळतात ठाऊक नाही, पण इथे अजून सगळं तसंच आहे. घराण्यातल्या पुरुषागणिक सव्वा मूठ धान्य काढायचं, त्याचा रोट, म्हणजे पुरणपोळीचा नैवेद्य करायचा, आणि तो भाऊबंदांनीच खायचा. बाहेरच्या माणसाला त्यातला घाससुद्धा द्यायचा नाही, मग तो जावई असो की जिल्हाधिकारी. वर्षभर एकमेकांचं तोंड न पाहणारेही त्या दिवशी एका पंगतीत बसतात आणि ताटाकडे बघत जेवतात. (तुमची सव्वा मूठ दरवर्षी निघते हे सांगायला नको. दाव्याच्या पहिल्या वर्षी यांनी विचारून पाहिलं होतं, धरायची का म्हणून. घराण्यातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या जसोदाकाकूंनी हातातलं सूप खाली ठेवून यांच्याकडे नुसतं पाहिलं.)

तपासणी अधिकारी एसटीने आले. धीरज पाटील त्यांचं नाव, नाशिकहून आलेले, तिशीच्या आतले, शर्टाच्या खिशात दोन पेनं आणि चेहऱ्यावर फार जबाबदारी. संस्थेकडून पाण्याखेरीज काही घ्यायचं नाही असा त्यांचा नियम, म्हणून ते स्वतःचा डबा घेऊन निघाले होते. नियम त्यांनी पाळला, डबा मात्र बसमध्येच राहिला आणि बसबरोबर दोंडाईच्याला गेला. हे त्यांच्या ध्यानात आलं तेव्हा सकाळची तुकडी समोर बसलेली होती, त्यामुळे ते काही बोलले नाहीत. संगणक मोजले, टेबलांखाली वाकून पाहिलं, पायट्यांची नोंद कोणत्या रकान्यात करावी याचा थोडा विचार केला, आणि मग एखादा प्रोग्राम दाखवा म्हणाले. आपल्या वळणावरच्या घरातली हेतल उठली. तिने कानबाईचा प्रोग्राम केला होता. घरातल्या पुरुषांची नावं टाकली की रोटाला किती धान्य लागेल ते यंत्र सांगतं, सव्वाच्या हिशेबासकट. साहेबांनी दोनदा चालवून पाहिला, कौतुक केलं आणि म्हणाले, पण यात बायकांची नावं टाकायला जागाच नाही. हेतल म्हणाली, "देवी बाई शे साहेब, पन मूठ मानूसना नावनीच निंघस. मी काय करू, मन्हा प्रोग्राममा चूक नही." साहेब हसले आणि त्यांनी काहीतरी चांगलं लिहून घेतलं. अतिकाने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, झालं, गंगेत घोडं न्हालं.

पण संध्याकाळच्या तुकडीचाही फोटो जागेवरूनच चढवायचा होता, त्यामुळे साहेबांना गावातच थांबणं भाग होतं. दुपार चढली आणि त्यांचा चेहरा उतरला. शेवटी डब्याची गोष्ट त्यांनी अतिकाला सांगितली, तिने मला, आणि मी गावाला. दादा, आपल्या रनाळ्यात आलेला माणूस उपाशी परत गेला असं कधी झालं आहे का? आणि त्या दिवशी घराघरातून पुरणाचा वास येत असताना एकाही घराला त्याला ताट वाढता येईना. स्टँडवरच्या हॉटेलवाल्याने कुलूप लावलं होतं, त्याच्याही घरी रोट. अतिकाने आपला डबा पुढे केला, उघडला, आणि श्रावण आठवून परत झाकला; आत अंडाभुर्जी होती. मग प्रत्येक घरातून जे चालण्यासारखं होतं ते आलं, म्हणजे केळी. कोणी घड आणला, कोणी फणी, कोणी लाजत लाजत दोनच. संस्थेकडून काही घेत नाही, पण गावाने दिलं तर नियम काय म्हणतो हे साहेबांना आठवेना, आणि भुकेल्या माणसाला नियम आठवतही नाही. चार केळी त्यांनी आभार मानून खाल्ली, पाचवं आभार न मानता, आणि सहावं हातात धरून नुसतेच खिडकीबाहेर बघत राहिले. आमचे हे प्रत्येक केळ्यागणिक "संकोच करू नका साहेब" म्हणत होते.

अशा वेळी जसोदाकाकू आल्या. त्यांना दिसतं कमी, पण उपाशी माणूस त्यांना वासाने कळतो. काठी टेकत आत आल्या, साहेबांच्या समोर बसल्या आणि पोर्टलवर नाहीत असे प्रश्न सुरू केले.

"कोना पोऱ्या शे रे भो तू? कोनता गावना?"

साहेबांनी कार्यालयीन मराठीत सांगितलं की ते मूळचे नाशिकचेच आहेत.

"नाशिकमा ते देव ऱ्हातस. तुन्हा आजा कोठला?"

दादा, तो माणूस सकाळपासून "सदर संस्था" आणि "उपरोक्त बाब" असं बोलत होता. आजोबांचं नाव निघालं आणि त्याच्या तोंडून एकदम अहिराणी आली, जणू आत कोणीतरी इतका वेळ दाराआड उभं होतं. "आजा कोरीटना व्हता म्हने माय. मी काय ते गाव देखं नही."

कोरीट म्हटल्यावर काकूंनी काठी बाजूला ठेवली. आपलं घराणं कोरीटहूनच इकडे आलं हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. पण आपल्यासारखंच पाटील आडनाव आणि गाव कोरीट एवढ्यावर काकू फसणाऱ्या नव्हेत. पाटील म्हणाल तर बांधाबांधावर आहेत. त्यांनी विचारलं, तुन्ही माय कानबाईले काय करस? साहेब आठवून म्हणाले की नाशिकला आता कानबाई बसवत नाहीत, पण श्रावणात एक रविवार असा येतो की त्या दिवशी पहिला घास आई घेते. एरवी ती सगळ्यांच्या शेवटी जेवते. त्या दिवशी मात्र बाप, काका, सगळे हात आवरून बसतात, आई एक घास खाते, आणि मग बाकीचे. का, ते त्यांना माहीत नव्हतं. "घरमा असंच शे," एवढंच म्हणाले.

थोरल्या सुनेचा पहिला घास ही आपल्या घराण्याशिवाय मी कुठे पाहिलेली नाही. मी नवी नवरी होते, कॉन्व्हेंटातून आलेली, पुरणपोळी हाताने खावी की चमच्याने या विचारात होते, आणि सगळी पुरुषमंडळी ताटं समोर ठेवून गप्प बसली होती. जाऊबाईंनी घास घेतला, आणि माझ्याकडे पाहून डोळे मिचकावले. त्या दिवशी मला हे घर आवडलं. त्या गेल्यापासून तो घास माझ्याकडे आला आहे. मी डोळे मिचकावायला कोणी शोधते, अजून सापडलेलं नाही.

"आते उठ. हात धोय," काकू म्हणाल्या. "ताट वाढा रे, पोऱ्या आपलाच शे."

मग तो आपला पोऱ्या जेवला. पुरणपोळी, खीर, गंगाफळाची भाजी, कटाची आमटी, आणि पुन्हा पुरणपोळी. यांच्या मांडीला मांडी लावून जेवला. केळी म्हशीला गेली. जेवल्यावर तो शिवणमशीनच्या टेबलावर डोकं ठेवून झोपला आणि झोपेत त्याचे पाय चालू झाले. अतिकाने संध्याकाळच्या तुकडीला हळू यायला सांगितलं. मला खरोखर वाटलं की एवढं सुखाचं अनुदान कोणत्याच संस्थेला मिळालं नसेल.

आणि तो उठला, तोंड धुतलं, फोटो काढला, मोबाइल समोर धरला आणि सकाळच्या उत्तरांवरून बोट फिरवत गेला. मग मला म्हणाला, "काकू, सकाळी मी नातेवाईक नव्हतो." तपासणीच्या फॉर्ममध्ये एक प्रश्न असतो, अर्जदार संस्थेत तपासणी अधिकाऱ्याचे कोणी नातेवाईक आहेत काय. सकाळी त्याने "नाही" लिहिलं होतं आणि ते खरं होतं. आता अध्यक्षाच्या घरचा रोट त्याच्या पोटात होता. आमचे हे त्याच्या कानाशी लागून म्हणाले, "ऱ्हाऊ दे ना भो. कोन देखी ऱ्हायनं?"

तो म्हणाला, "कानबाई देखी ऱ्हायनी."

यावर जसोदाकाकू तर अशा काही खूश झाल्या की त्यांनी त्याची अलाबला घेतली. त्याने "होय" केलं. त्याबरोबर पुढचे सगळे रकाने लाल झाले आणि आपला अर्ज बंद पडला. अतिका त्याच्या खांद्यावरून बघत होती. ती मुलांकडे वळून म्हणाली, बघा, हेच मी शिकवत होते, जर हे, तर ते. पोर्टल लिहिणाऱ्याने चांगलं लिहिलं आहे. (या पोरीचं काय करावं मला कळत नाही. स्वतःचं नुकसान होतानाही तिला शिकवायचंच असतं.)

तर असं झालं. धीरजचा अधूनमधून फोन येतो, काकूंची तब्येत विचारायला. आमच्या कामाबद्दल तो बोलत नाही आणि आम्ही विचारत नाही, कारण आता नातं आहे. बाकी सर्व क्षेम. थेंब चुकवू नका. गॅलरीत बसताना पायावर शाल घ्या. नातवंडांना आशीर्वाद.

तुमची धाकटी भावजय,
मोहिनी

ता. क. एक बारीकशी गोष्ट राहिली. अनुदान कार्यालयाचं पत्र आलं आहे. घराण्यातल्या सर्वांत ज्येष्ठ पुरुषाने, म्हणजे तुम्ही, असं लिहून दिलं की धीरज पाटील हे आमचे भाऊबंद नाहीत, तर अर्ज पुन्हा उघडेल. तुम्हाला त्रास नको म्हणून मजकूर मीच लिहून सोबत ठेवला आहे, तुम्ही फक्त सही करायची आहे. दोनच ओळी आहेत. वाचल्या नाहीत तरी चालेल.

ता. क. दुसरा. वरचा ता. क. रद्द समजावा आणि तो कागद फाडून टाकावा. तो मी जसोदाकाकूंना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "मंग त्याले खावाडं ते काय व्हतं? देवीनं ताट व्हतं का सरकारनी खानावय?" आणि आत जाऊन निजल्या. धीरज आपला नसेल तर काकूंनी परक्याला रोट घातला असं होईल, आणि ते त्यांच्या हयातीत मी कोणाच्या सहीने होऊ देणार नाही. तेव्हा मला दुसरा मार्ग सुचला आहे. तुम्ही लिहून द्या की तो आपला भाऊबंदच आहे, अस्सल. पण भाऊबंद म्हणून आपल्यात कोणी कोणाची बाजू घेतो हा सरकारचा गैरसमज आहे, आणि पुरावा म्हणून आपल्या बांधाच्या दाव्याची कोर्टाचा शिक्का असलेली नक्कल जोडा. दाव्यात तुम्ही यांच्याबद्दल "लबाड, आडमुठा व चिंचचोर" असं जे लिहिलं आहे, त्याखाली लाल रेघ मारली तर बरं. आणि म्हणूनच, दादा, हात जोडून एक विनंती: तो दावा एवढ्यात मागे घेऊ नका. दिवाळीपर्यंत चालू द्या. वाटल्यास एखादी नवी तक्रार घाला. आमचे हे तयार आहेत. म्हणाले, भाऊ माझ्याविरुद्ध एवढं करेलच. अतिकाच्या वर्गासाठी एवढा काळ आणखी आमच्याशी वैर ठेवा. मग खुशाल मन निवळू द्या.

ता. क. तिसरा आणि शेवटचा. धीरजच्या आईचा फोन आला होता. पुढच्या वर्षी त्या मुलाला घेऊन कानबाईला येणार आहेत. आता पहिला घास त्यांचा की माझा, हे ठरवायला तुम्ही लागणार, तेव्हा तुम्हालाही यावं लागेल, दावा असो वा नसो. मला डोळे मिचकावायला कोणी तरी मिळालं, असं दिसतं. हेतलने प्रोग्राममध्ये धीरजचं नाव टाकलं आहे. तुमचं नाव पहिलं आहे, यांचं त्याखाली, त्याचं शेवटी. बायकांची नावं टाकायला जागा कशी करायची ते अतिका तिला दिवाळीनंतर शिकवणार आहे.